लोकरीचे मोजे

रोमानियाच्या उत्तरेला, बुकोविनातल्या एका खेड्यातलं हॉटेल म्हणजे डोंगराखालचं एक मोठं, उबदार घर. गुबगुबीत दुलई, खोलीत शेगडी, आणि ताटातली मक्याची मामालिगा संपायच्या आत पुन्हा वाढणाऱ्या मालकीणबाई, साव्हेता मावशी.

पहिल्या सकाळी त्यांनी विचारलं, "झोप लागली ना रे?"

"लागली. पण पायांचा नुसता बर्फ झाला होता मावशी!" मी आपलं गमतीत म्हणालो.

त्यांचा चेहराच उतरला. संध्याकाळी स्वतः विणलेले मोजे घेऊन आल्या. "माझ्या गाव्रिलच्या नावानं देतेय. घालून झोप हं."

गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी काही दिलं, की आमच्या रोमानियात नको म्हणत नाहीत. घेतले. पण मेले इतके टोचत होते, की खुर्चीवर टाकले आणि तसाच झोपलो.

सकाळी न्याहारीला बसतोय तोच मावशी समोर. "आज पाय गरम राहिले?"

"एकदम!" म्हटलं, कशाला म्हातारीचं मन मोडा.

त्या मटकन खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "पातळ बूट घालून बर्फात गेला रे माझा लेक, परत आलाच नाही. तू घातलेस म्हणजे त्याला पोचले. आता नाही गारठायचे त्याचे पाय."

मी न्याहारी तशीच सोडून उठलो. निदान आता तरी घालावेत म्हणून वर गेलो आणि खिशातल्या किल्लीनं कुलूप उघडलं.



खुर्चीवर मोजे नव्हते. खाली वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं होतं.