चर्चा करावी

औषध-मंजुरीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या मुकुंदराव करंबेळकरांची नजर महिनाभरात जाणार होती. डोळ्यांत घालायचं औषध सकाळीच सापडलं होतं. दवाखान्यातल्या यंत्राने ते मुकुंदरावांच्या संगणकी जुळ्यावर, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या त्यांच्या हुबेहूब नकलेवर, दहा हजार वेळा तपासलं आणि चहा निवायच्या आत त्यांची संमती मागितली.

"बाबा, नुसतं हो लिहा," सून म्हणाली.

पण हाताला तीस वर्षांचं वळण! त्यांनी पडद्यावर खरडलं, 'चर्चा करावी.'

"कोणाशी?" यंत्राने अदबीने विचारलं.

मुकुंदराव गडबडले. हा शेरा त्यांनी हजारो फायलींवर मारला होता. हा प्रश्न मात्र आजवर एकाही फायलीने विचारला नव्हता.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मान मागे टाकून म्हणाले, "सूनबाई, घाल थेंब. जावक क्रमांक मागाहून टाकू."