बाहीचं माप

तळघरातलं शिलाई मशीन पायऱ्यांवरून वर चढवताना धाकट्या जावेला धाप लागली, पण तोंड काही थांबलं नाही.

“डॉक्टर म्हणाले, सकाळचं थोडं ऊन घ्या. दुकान उन्हात मांडा, असं नाही म्हणाले.”

“मी ऊन खात बसले तर कापड कोण बेतणार?”

थोरलीने मशीन दारात टेकवलं, कात्री घेतली आणि अंगातल्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापाशी कापून टाकल्या. उजवी कापताना कात्री डाव्या हातात होती, तरी कड सरळ आली.

कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे, त्यांवर पांढुरके पापुद्रे. सोरायसिस. धाकटीने ते एवढ्या उजेडात कधी पाहिलेच नव्हते.

“जातील का हो, जाऊबाई?”

“तसा शब्द नाही दिला त्यांनी. ड जीवनसत्त्व तळाला गेलंय. या दुखण्यात बऱ्याच जणांचं कमी असतं म्हणे. कशामुळे काय, ते त्यांनाही पक्कं सांगता येईना. गोळ्या आहेत, मलम आहे. पण वीस वर्षं तळघर, त्यात मनगटापर्यंत बाह्या. ऊन बिचारं शिरणार कुठून?”

तेवढ्यात नवरीची आई आली. घरातल्या चौदा जणींचे कपडे शिवायचे होते. हे काम गेलं की हंगाम गेला, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाईंची नजर थोरलीच्या हातांवर अडली. कापडांचा गठ्ठा त्यांनी छातीशी धरला.

धाकटी सवयीने टेप घेऊन पुढे झाली. थोरलीने टेप तिच्या हातातून काढून घेतली.

“लागत नाही हो हे कुणाला. लागलं असतं तर आधी हिला लागलं असतं. वीस वर्षं माझ्या डब्यातलं खातेय.”

बाई हसल्या नाहीत. गठ्ठा मशीनवर ठेवला, जरा थांबल्या आणि हात लांब केला.

थोरलीने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली. “बाही, साडेबावीस. लिही.”

धाकटीने वही उघडली. आजवर मापं ती घ्यायची, लिहायची थोरली. धाकटीने मशीनचा खण चाचपला, गठ्ठा उचलून पाहिला. रोज डोळ्यांसमोर असलेली पेन्सिल तिला आता सापडेना.

“कानामागे आहे माझ्या,” थोरली म्हणाली आणि हात न हलवता तिने मान धाकटीकडे झुकवली.