बारा ते दोन बंद

पाचव्या खेपेलाही शुक्रावरचा सेनापती गावकचेरीच्या पायरीला अडखळून पडला, तेव्हा मात्र जिस्लेनचा तोल सुटला.

"शुक्रावरून इथवर सुखरूप आलात, मग तीन पायऱ्या चढताना काय धाड भरते तुम्हाला?" ती कडाडली. "प्यायलेली बदकंसुद्धा याहून नीट चालतात."

सेनापती म्हणजे एमरिक, आणि त्याच्या मागून येणारी उपसेनापती म्हणजे सिदोनी, जिस्लेनची नाट्यशाळेपासूनची मैत्रीण. अंगात चंदेरी सूट, डोक्यावर गोल हंडा, आत घामाच्या धारा आणि समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. तरी दोघं निमूट पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. उलट बोलली असती तर जिस्लेनला एवढं लागलं नसतं.

पण ती तरी काय करणार? उभी हयात दुसऱ्यांच्या सिनेमांत पळापळ केल्यावर हा तिचा स्वतःचा पहिला सिनेमा. अंतराळयुद्धाच्या भारदस्त सिनेमांची यथेच्छ टर उडवणारा. त्याची सगळी गंमत शेवटच्या प्रसंगात होती. शुक्रावरचे लोक पृथ्वीचा ताबा घ्यायला फ्रान्समधल्या या आवेरोंच्या डोंगरातल्या खेड्यात उतरतात, गावकचेरीचं दार ठोठावतात आणि पाटी वाचतात: जेवणासाठी बारा ते दोन बंद. बिचारे थोडा वेळ थांबतात आणि कंटाळून घरी जातात. पृथ्वी वाचते. हा प्रसंग नाही तर सिनेमाच नाही. आणि उद्या सकाळी रंगारी येऊन कचेरीला परांची बांधणार होते, ती पुढे महिनाभर तशीच राहणार होती.

सहाव्या खेपेची मांडामांड झाली आणि नेमके चर्चच्या घंटेने बाराचे टोल द्यायला सुरुवात केली.

कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेला लोइक पहिल्या टोलाला उठला. दिवेवाले उठले, वेशभूषावाली उठली. जिस्लेनने हात जोडले, फक्त पंधरा मिनिटं द्या म्हणाली. लोइकने तिच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं की आज शाळेच्या स्वयंपाकघरात मादाम फाब्रेगनी आलिगो केलाय, आणि बटाटा-चीजचा तो गोळा एकदा गार झाला की भिंतीला लिंपायच्या कामाचा. बाराव्या टोलाला चौकात चिटपाखरू उरलं नाही. ज्या सवयीवर जिस्लेनने आख्खा सिनेमा रचला होता, तीच सवय आता तिच्या मुळावर उठली होती.

शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलावर सगळे तुटून पडले. दोन खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या, एमरिकची आणि सिदोनीची. जिस्लेनला घास गिळेना. आपण फार बोललो, चारचौघांत बोललो, हे तिला एव्हाना पुरतं उमगलं होतं.

मादाम फाब्रेगनी तिची भरलेली ताटली पाहिली आणि म्हणाल्या, "रुसलेली माणसं भूक लागली की येतात, पोरी. तू आधी खा."

पण ती दोघं आली नाहीत. जिस्लेनने आलुबुखाराच्या टार्टचे दोन तुकडे त्यांच्यासाठी झाकून ठेवले आणि माफी कशी मागायची ते मनाशी घोकत राहिली.

अडीच वाजून गेल्यावर मंडळी ढेकरा देत चौकात परतली. लोइकने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. गडबडीत तो बंद करायचाच राहिला होता. आत काय भरलंय ते पाहावं म्हणून त्याने चित्र मागे नेलं, आणि बघता बघता त्याचा चेहरा असा काही झाला की सगळे त्या इवल्या पडद्याभोवती गोळा झाले.

चित्रात चौक ओस पडला होता. मग चर्चच्या मागून दोन चंदेरी आकृत्या आल्या. अडखळणं नाही, धडपडणं नाही. अंगाला वजनच नसल्यासारख्या तीन पायऱ्या चढल्या. दार ठोठावलं. माना वाकड्या करून पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग बाकावर बसल्या. एकीने कुंडीतल्या फुलाला हळूच बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दोघींनी चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, खांदे पाडले आणि आल्या वाटेने निघून गेल्या. मागोमाग वाऱ्याचा असा झोत आला की कॅफेच्या खुर्च्या कोलमडल्या.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. जिस्लेन हसत होती आणि रडतही होती. लिहिलं होतं त्याच्या दसपट भारी झालं होतं. आपल्या शिव्या खाऊन, वर जेवण सोडून त्या दोघांनी हे केलं, या विचाराने तिचा ऊर भरून आला. असे मित्र मिळायला नशीब लागतं, असं ती दहादा म्हणाली. सूटसुद्धा आज कसे खरे वाटतायत, म्हणाली. लोइक म्हणाला, दुपारचा उजेड. पंखा कोणी फिरवला, असं तिने विचारलं तेव्हा दिवेवाले एकमेकांकडे बघू लागले आणि श्रेय आपलंच असल्यासारखा लोइकने नम्रपणे घसा खाकरला.

तेवढ्यात एमरिकची गाडी चौकात येऊन थांबली. दोघं साध्या कपड्यांत उतरली, हातावर चंदेरी सूट घेऊन. जिस्लेन धावत गेली आणि तिने दोघांना एकदमच मिठी मारली. सकाळी माझी जीभ झडायला हवी होती, म्हणाली. टार्टची बशी तिने सिदोनीच्या हातात कोंबली.

"तुम्ही माझा सिनेमा वाचवलात," ती म्हणाली.

सिदोनीने एमरिककडे पाहिलं. एमरिकने बुटांकडे पाहिलं.

"रागावू नकोस, पण आम्हाला उशीरच झाला," सिदोनी चाचरत म्हणाली. "पडताना याचा सूट पाठीत उसवला आणि माझा काखेत. तुला सांगायची हिंमत होईना, म्हणून बाराचे टोल पडताच दोन्ही सूट घेऊन याच्या मावशीकडे शेजारच्या गावी पळालो. पण ती बया दोनच्या आत सुईला हात लावेल तर शपथ. आत्ता कुठे शिवून झाले. बोल, कुठून चालत यायचंय?"