उल्हासला बसवायचं होतं

पत्रा कापून झाला तशी नागराजनं छिन्नी बाजूला ठेवली आणि पेटीचं झाकण उचलायच्या आधी खड्ड्यातून वर पाहिलं. काठावर अंबुबाई उभ्या होत्या. हातात बुरुडाकडची नवी टोपली, आत धुतलेला पांढरा पंचा अंथरलेला. लेकाच्या अस्थी त्यात घ्यायच्या होत्या.

“अम्मा, स्वल्प मागं सरा की,” नागराज म्हणाला. तो बेळगावकडचा. येलहंक्याच्या या रुद्रभूमीत, लिंगायतांच्या स्मशानात, खणायचं काम करी आणि अंबुबाईंशी मोडकंतोडकं मराठी बोले.

“काढ तू,” अंबुबाई म्हणाल्या.

नवा रस्ता अर्धी रुद्रभूमी खाणार होता. लोकांनी आपापली माणसं उरलेल्या अर्ध्यात हलवली होती. हाडं ती किती, एका टोपलीत मावतात. लिंबाच्या झाडापलीकडे उल्हाससाठीही चौकोनी खड्डा तयार होता. लिंगायताला पुरतात ते बसवून, मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून. उल्हास मात्र आखातातून आडवाच आला होता. कुजू नये म्हणून औषध भरलेला, ताठ, कडांना कथलाचा डाक देऊन बंद केलेल्या पत्र्याच्या पेटीत. पेटी उघडू नका असं बजावून दिलेली. घरच्यांनी ते ऐकलं आणि त्याला पेटीसकट तसाच मातीत ठेवला. “माती सोडवील त्याला. मग हाडं काढून रीतसर बसवू,” असं तेव्हा आप्पाजी म्हणाले होते. आप्पाजी त्यांच्या घरचे जंगम, धर्मविधी सांगणारे. त्या एका शब्दावर अंबुबाईंनी एवढी वर्षं काढली होती.

झाकण निघालं. सडल्याचा वास नव्हता. दवाखान्याच्या बोळात येतो तसा उग्र, आणि त्याखाली ओल्या तळघराचा.

आत हाडं नव्हती. आत उल्हास होता.

चेहरा जुन्या चिंचेसारखा काळा पडला होता. गाल आत गेलेले, कातडं हाडाला घट्ट बसलेलं, ओठ आखडून दात उघडे पडलेले. पाठीखालचा कोट कसल्याशा काळ्या चिकट ओलीत रुतला होता. केस तेवढे जसेच्या तसे, डावीकडून भांग पाडलेले. तो उजवीकडून पाडायचा. परमुलखातल्या कुणाला काय ठाऊक. कपाळावर आणि गालांवर पांढरं काही पसरलं होतं. अंबुबाईंना क्षणभर वाटलं, कुणीतरी विभूती लावली. मग नागराजनं फडक्यानं पुसलं तेव्हा कळलं, बुरशी होती.

“तुम्हीच म्हणाला होता, आप्पाजी,” अंबुबाई शेजारी उभ्या असलेल्या आप्पाजींकडे न बघता म्हणाल्या. “चार-पाच पावसाळ्यांत माती जेवून मोकळी होते म्हणून.”

“जेवते की. पण अक्का, आपण ताटावर पत्रा झाकून ठेवला. वर त्या लोकांचं ते औषध.”

“बसवून बघू?” खालून नागराजनं विचारलं.

“बघ.”

नागराजनं हाताला फडकं गुंडाळलं आणि उल्हासच्या गुडघ्याखाली हात घालून पाय वर घेतला. पायाबरोबर सगळा देहच फळीसारखा उचलला गेला. त्यानं तो परत टेकवला, दुसऱ्या हातानं मांडी दाबून धरली आणि पुन्हा जोर केला. आत कुठेतरी सुकं काहीतरी कटकन वाजलं.

लहानपणी उल्हास जेवताना एक पाय पसरूनच बसायचा. अंबुबाई पळीनं त्या गुडघ्यावर हळूच मारत, मांडी घाल म्हणत. तो घालायचा आणि पुढच्या घासाला पाय पुन्हा पसरलेला असायचा.

“बसेल अम्मा,” नागराज म्हणाला. “पण मोडून बसवायला लागेल.”

अंबुबाईंनी टोपली काठावर ठेवली.

“अक्का, राहू दे,” आप्पाजी म्हणाले. “आडवा आला म्हणून शिव काय त्याला दारातून परत पाठवणार आहे?”

“मग तुमच्यासाठीपण आडवाच खणायला सांगून ठेवा.”

आप्पाजींनी दाढी खाजवली.

“मोडू नको,” शेवटी अंबुबाई नागराजला म्हणाल्या. “नीट बाहेर घे. पेटी नको. पत्र्याचा तुकडासुद्धा नको आता.” टोपलीतला पंचा काढून त्यांनी खाली दिला. तो उल्हासच्या गुडघ्यांपर्यंतच पुरला.

मग त्या लिंबापलीकडच्या नव्या खड्ड्यापाशी गेल्या. मागोमाग नागराज आला, फावडं घेऊन.

“हा बुजवतो, अम्मा. शेजारी लांब खणतो.”

“शेजारी नको. ह्यालाच जोडून पुढं लांब कर. त्याचं डोकं ह्या चौकोनाशी आलं पाहिजे.”

“आणि चौकोनात?”

“आज माती भर. माझ्या वेळी तेवढीच उकर.”

नागराजनं मागून आलेल्या आप्पाजींकडे पाहिलं.

“मला बसवाल तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर येईल असं कर,” अंबुबाई म्हणाल्या. “आईच्या मांडीवर पोर आडवंच असतं. त्याला कोण नावं ठेवणार?”

नागराज खड्ड्याकडे बघत राहिला. “हाडांपुरता खणलाय, अम्मा,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही मावत नाही.”

अंबुबाईंनी चपला काढल्या. लुगड्याचा ओचा सावरून त्या तिथंच उकरलेल्या मातीवर बसल्या, मांडी घालून, पाठ ताठ करून.

“घे माप.”

नागराज वाकला. त्यानं फावड्याचा दांडा आडवा धरला आणि त्यांच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत लावला.