ओट्यावरचा वाडगा

"इले बी टोची द्या ना, साहेब."

पतासीबाईंनी पदर बाजूला केला. आत मांजरीचं पिल्लू. खापर गावच्या बाजारात बैलांची ही रांग, बुळकांडीच्या साथीची लस टोचून टोचून गुरांच्या डॉक्टरांचे हात भरून आलेले, आणि जेठमलशेटची बायको मांजर घेऊन उभी. लोक हसले. हसेनात का! पिल्लाची भावंडं ओकून ओकून गेली होती. एवढं एकच उरलं होतं.

"ही बैलांची लस, बाई. मांजरांची आपल्याकडे येत नाही."

"मंग हाई बी मरी जाई का?"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "अजून तरी बरं दिसतंय. घरात कोंडा. दुसरं मांजर जवळ येऊ देऊ नका. दूध कुठे पितं हे?"

पतासीबाईंनी वाडग्याचं सांगितलं. त्यांच्या ओट्यावर दुधाचा वाडगा असे. सासूबाईंपासूनची जीवदया. बाजारातलं कुठलंही मांजर यावं, प्यावं. एखादं आजारी दिसलं की त्या मुद्दाम जास्त दूध ओतत.

"तो वाडगा आधी उचला," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या बैलाकडे वळले.

घरी येऊन त्यांनी पिल्लू आतल्या खोलीत ठेवलं. कडी लावली, पुन्हा जाऊन पाहिली. ओट्यावर आल्या तर काळा बोका वाडग्याशी. नुसता हाडांचा सापळा, तोंडाला फेस. ज्या बाईने मुंगीवर कधी पाय पडू दिला नाही, तिने केरसुणी उगारली. बोका बाजूला झाला, गेला मात्र नाही. त्यांनाच रडू आलं. दूध मोरीत ओतलं, वाडगा उकळत्या पाण्यातून काढला आणि ओट्यावर पालथा घातला.

मग दुपारभर त्यांचा पाय घरात ठरेना. आत पिल्लू दार ओरबाडत होतं, बाहेर बोका.

दिवस कलला. सूर्य बुडाल्यावर या जैन घरात कोणी अन्नाला शिवत नाही. भांडी घासायला आलेली फुलीबाई खोळंबली होती.

"जेवी ल्या ना, शेठानी. दिन बुडी ऱ्हायना."

पतासीबाईंनी आपलं रिकामं ताट काढलं. बाहेर बोका ओरडला. त्या ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या, मग ओट्यावर गेल्या आणि वाडग्याशेजारी तेही पालथं घातलं.