साडेपाचचे ठोके

बाबांच्या छातीत पेसमेकर होता आणि फुप्फुसात कर्करोग. रेडिएशनने यंत्र बिघडलं तर नाही ना, हे बघायला रुग्णालयातले टेक्निशियन दर सोमवारी त्यातली ठोक्यांची नोंद तपासायचे.

"रविवारी साडेपाचला तुमचे ठोके वाढतात," एकदा ते म्हणाले. "कुणाची वाट बघता, काका? सांगा की."

"लेक येते ना," बाबा हसले. "गाडी थांबली की कळतं मला."

मी शेजारीच बसले होते. मान वर करवेना. घरात मी पाऊल टाकायची ते सहाला. त्यांची ती खोली, तो खोकला नकोसा व्हायचा, म्हणून अर्धा तास खाली गाडीतच बसून काढायची. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बाबा गेले. दहनाआधी पेसमेकर काढून रुग्णालयाने ठेवून घेतला.

महिन्याने, एका रविवारी, त्यांचे कपडे आवरायला गेले. घराखाली गाडी थांबवली, पण उतरायला पाय उचलेना. बऱ्याच वेळाने टेक्निशियनचा फोन आला.

"ताई, बाबांचं यंत्र इथे माझ्या टेबलावर आहे. तरी त्यात ठोके उमटतायत." त्यांनी आवाज खाली आणला. "साडेपाचपासून वाढलेत. आज कुणी यायचं होतं का?"

गाडीतल्या घड्याळात सहाला पाच कमी होते. वर बाबांच्या खोलीची खिडकी बंद होती.

मी किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"ताई," ते म्हणाले, "आता ठोके चुकायला लागलेत."