रिकाम्या मुठी

थंडीत घोडीच्या तोंडाला गार लोखंड लागू नये म्हणून बाबा रोज सकाळी लगामाची लोखंडी दांडी मुठींत धरून गरम करायचे आणि मगच लगाम चढवायचे. यंदा मी नव्या पद्धतीचा लगाम आणला, नुसत्या मऊ पट्ट्यांचा. तोंडात काही घालायची भानगडच नाही.

"सुटली बिचारी," लगाम चढवत मी म्हटलं. "आणि तुम्हीही सुटलात."

बाबा तबेल्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. बादली उगाच इकडची तिकडे, जुना लगाम पुसून परत खुंटीला.

"अहो बाबा, हातांना जरा चैन पडू द्या की."

"गारठलेत गं," म्हणत त्यांनी मुठी आवळल्या.

मी घोडीला बाहेर काढायला लागले.



ती बाबांपाशी थांबली आणि त्यांच्या मुठींसमोर तोंड उघडून उभी राहिली.